सहाव्या लेनमधले चार आणे पाणी

मी त्रेपन्नाव्या वर्षी पोहायला शिकले, असे सांगताना मला अजूनही संकोच वाटतो. ‘शिकले’ हे क्रियापद पुऱ्या झालेल्या कामाला शोभते आणि माझे पोहणे पुरे झालेले नाही. तलावाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचे पंचवीस मीटर मी न थांबता जाते, दम घेऊन परत येते, आणि हे करताना सोबतच्या तिघींच्या वाटेत येत नाही, एवढेच मला सांगता येईल. त्यातले शेवटचे मला सर्वांत उशिरा जमले. ते कोणामुळे जमले, हे लिहून ठेवावेसे वाटते.

माझा जन्म नांदेडचा. घरापासून गोदावरीचा घाट पाच मिनिटांवर होता. भाऊ उन्हाळाभर नदीत असत आणि लाल डोळ्यांनी जेवायला घरी येत. मी आणि माझी बहीण पायऱ्यांवर बसून त्यांचे कपडे सांभाळायचो. मुलींनी घोटाभर पाण्यात उभे राहावे, फार तर ओंजळभर पाणी तोंडावर मारावे. यापुढची कल्पना आमच्या घरात कोणाला सुचली नाही आणि मलाही सुचली नाही, हे प्रामाणिकपणे नोंदवते. पुढे मी भूगोल शिकले, लातूरला कनिष्ठ महाविद्यालयात शिकवू लागले आणि नद्यांची खोरी फळ्यावर काढण्यात जवळजवळ तीस वर्षे गेली. पाण्यात मात्र उतरले नाही.

पाठीचे दुखणे वाढल्यावर डॉक्टरांनी पोहण्याचा सल्ला दिला. ज्या शहरात नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येते, पिंप भरले की नाही यावर घरातल्या माणसांचा दिवस ठरतो, तिथे निव्वळ हातपाय हलवण्यासाठी भरलेला तलाव पाहून मला पहिल्या दिवशी ओशाळल्यासारखे झाले. पण महिलांची बॅच चार ते पाच होती, माझा शेवटचा तास साडेतीनला संपत असे, आणि नाही म्हणायला कारण उरले नाही. तीन महिने मी उथळ भागात लहान मुलींच्या शेजारी गज धरून पाय मारले. त्यानंतर कोच ताईंनी, म्हणजे आम्हाला शिकवणाऱ्या तिशीतल्या बाईंनी, मला भिंतीलगतच्या सहाव्या लेनमध्ये पाठवले.

लेन म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या दोऱ्यांनी आखलेली लांबट पट्टी. पहिल्या पाच लेन स्पर्धेची तयारी करणाऱ्या मुलींकडे होत्या. सहावी आमच्यासारख्या सावकाश पोहणाऱ्या बायकांची. तिथे माझ्या आधीपासून तिघी होत्या: बँकेतली एक तरुण अधिकारी, हदगावकडची एक नर्स, आणि साठी ओलांडलेल्या एक बाई, ज्यांना सगळा तलाव अक्का म्हणत असे.

तलावाच्या कार्यालयाशेजारी नियमांचा फलक होता. त्यावर लिहिले होते, ‘मार्गिकेत नेहमी डाव्या बाजूने पोहावे.’ मी तो फलक दोनदा वाचला आणि पाण्यात उतरले. आता भूगोलाच्या माणसाला डावी बाजू म्हटले की काय आठवणार? नदीचा डावा तीर. नदीचा डावा तीर एकदा ठरला की ठरला. तुम्ही उगमाकडे चाला की मुखाकडे, तो बदलत नाही. नांदेड गोदावरीच्या डाव्या तीरावर आहे आणि हैदराबादहून आलेल्या माणसालाही ते डाव्याच तीरावर सापडते. त्याच न्यायाने मी जाताना भिंतीच्या बाजूने गेले आणि येतानाही भिंतीच्याच बाजूने आले. मधोमध माझे डोके समोरून येणाऱ्या अक्कांच्या डोक्यावर आपटले.

त्यांनी एका हाताने दोरी धरली, दुसऱ्या हाताने माझा दंड धरला आणि माझा खोकला थांबेपर्यंत वाट पाहिली.

“मॅडम, तुम्ही कुणीकडून यायलाव?”

“डावीकडून,” मी म्हणाले.

“डावीकडून तर मी चाललेय.”

मी माझे डाव्या तीराचे स्पष्टीकरण दिले. गळ्याएवढ्या पाण्यात, नाकातून पाणी गळत असताना, मी उगम आणि मुख हे दोन्ही शब्द वापरले. अक्कांनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतले.

“तुमच्या गोदावरीचं ऱ्हाऊ द्या,” त्या म्हणाल्या. “हितं पाणी कुठं चाललंय का? पाणी उभंच हाय, आपण चाललोय. डावं म्हणजे आपल्या हाताचं डावं.”

इतके स्वच्छ विवेचन मला कोणत्याही पाठ्यपुस्तकात मिळाले नव्हते.

त्या दिवसापासून मी अक्कांना पाहू लागले. त्या निलंग्याजवळच्या एका गावच्या. घरची शेती होती, लग्नानंतर लातुरात भुसार मालाचे दुकान. लहानपणी वडिलांनी पाठीला रिकामा डबा बांधून घरच्या विहिरीत सोडले, तेव्हापासून त्या पोहत. डोके पाण्याबाहेर, हनुवटी उचललेली, चेहरा कोरडा. शेजारच्या घरी निरोप द्यायला निघाल्यासारख्या त्या पाण्यातून जात. कोच ताईंना ती पद्धत मान्य नव्हती, पण अक्कांना दम कधी लागत नसे आणि ताईंनी तो विषय सोडून दिला होता.

मला मात्र त्यांच्या पोहण्याहून त्यांचे पाण्यातले वागणे अधिक थोर वाटे. घरून येताना त्यांच्या कपाळावर विभूतीचे पट्टे असत. ते त्या शॉवरखाली स्वतः नीट पुसून काढत, गळ्यातले इष्टलिंग पोशाखाच्या आत खोचून घेत, आणि मगच काठावर येत. “आपल्या अंगावरचं दुसरीच्या तोंडात जातंय,” एवढेच कारण त्या देत. पाण्यात शिरण्याआधी त्या दरवेळी मोठ्याने म्हणत, “उतरायलेय गं.” विहिरीत उडी टाकण्यापूर्वी खाली कोणी आहे का ते विचारायचे, ही त्यांची लहानपणची सवय होती. दम घ्यायचा तर त्या टोकाला जाऊन कोपऱ्यात सरकत, आणि तेही अशा की भिंतीचा मधला भाग वळणाऱ्या बाईसाठी मोकळा राही. या सगळ्यात उपकार केल्याचा भाव कुठेच नसे. चारचौघींत जागा कशी वापरावी याचे त्यांना एक अंगभूत ज्ञान होते. मी आयुष्यभर सभ्यपणे वागण्याचा प्रयत्न केला, पण तो प्रयत्न आहे हे मला सतत जाणवत आले होते.

माझी सभ्यता हीच पुढे अडचण ठरली. समोरून कोणी येताना दिसले की मी थांबून दोरीला चिकटायचे. मागून कोणी येत असल्याची शंका आली तरी थांबायचे. टोकाला पोहोचले की मागच्या सगळ्यांना “तुम्ही जा, तुम्ही जा” म्हणत पुढे काढायचे आणि आपण शेवटी निघायचे. मला वाटे, मी लेनमधली सर्वांत कमी त्रासदायक बाई आहे.

मग तो बुधवार आला. आमच्यात एक रीत होती: पुढच्या बाईला ओलांडायचे असेल तर मागचीने तिच्या पायाला हलके बोट लावायचे. पुढचीने थांबायचे नाही, तशीच भिंतीपर्यंत जायचे, तिथे कोपऱ्यात सरकून तिला वाट द्यायची. हे मला सांगितलेले होते. पण त्या दिवशी बँकेतल्या बाईंचा हात माझ्या टाचेला लागला आणि त्रेपन्न वर्षांचे संस्कार एका क्षणात जागे झाले. आपला पाय माणसाला लागला की वळायचे, त्याला स्पर्श करायचा आणि हात छातीला लावायचा. मी लेनच्या मधोमध थांबले, मागे वळले आणि नमस्कारासाठी हात पुढे केला. त्यांचे कपाळ माझ्या कोपरावर आदळले. गॉगलची कड भुवईत घुसून रक्त आले. मागून येणारी नर्स त्यांच्यावर, समोरून येणाऱ्या अक्का माझ्यावर, असा चौघींचा गुंता झाला. कोच ताईंची शिट्टी वाजली आणि सहाही लेन थांबल्या.

“मागे वळून करत काय होतात तुम्ही?” भुवई दाबून धरत बँकेतल्या बाईंनी विचारले.

“माझा पाय लागला,” मी म्हणाले. “म्हणून नमस्कार.”

पाचव्या लेनमधल्या मुली हसू लागल्या.

“पाण्यात नमस्कार करून राहिल्या होय बाई,” नर्स म्हणाली, आणि जखम पाहायला पुढे झाली. “टाके न्हाई पडत. पट्टी लावू.”

कोच ताई हसल्या नाहीत. महिन्यातली ही दुसरी टक्कर होती. स्पर्धा जवळ आली होती आणि मुलींना जागा कमी पडत होती, हे त्या आधीपासून सांगत होत्या. त्यांनी आम्हा चौघींना काठावर बसवले. “शनिवारी मी स्वतः खुर्ची टाकून बसणार,” त्या म्हणाल्या. “अर्धा तास. कोणी मध्ये थांबलं, कोणाची टक्कर झाली, तर सोमवारपासून सहावी लेन मुलींना. तुम्ही उथळ भागात पोहायचं.”

उथळ भागातले पाणी कमरेएवढे. तिथे पूर्ण हात मारला तर बोटे तळाला घासतात.

“तिथं म्हशी बसत्यात,” अक्का म्हणाल्या. पण त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता. गुडघ्यांमुळे जिना चढवत नव्हता त्यांना. खोल पाण्यात तेवढे पाय बिनतक्रार चालत.

घरी आल्यावर मी विचार केला आणि उत्तर मला सरळ दिसले. दोन्ही टकरींचे कारण मी होते. मी बाहेर पडले की लेन वाचेल. ‘वैयक्तिक कारणास्तव माझा पास रद्द करावा’ असा अर्ज मी रात्रीतून मनात तयार केला. दुसऱ्या दिवशी तलावावर गेले ती पिशवीत कागद घेऊनच. अक्का कपडे बदलण्याच्या खोलीबाहेरच्या बाकावर भाजलेले शेंगदाणे खात बसल्या होत्या. त्यांना मी माझा निर्णय सांगितला. त्या माझ्यावर खूश होतील, निदान हळहळतील, असे मला वाटले होते.

“बसा,” त्या म्हणाल्या, आणि माझ्या हातावर मूठभर शेंगदाणे ठेवले. “आमच्या सासरची विहीर चौघा भावांत होती. हरेकाचं चार आणे पाणी. तुम्हाला ठाव हाय न्हवं, चार आणे पाणी म्हणजे?”

मला ठाऊक होते. सोळा आण्यांची विहीर, चौघांचे चार-चार आणे. पैशांशी त्याचा संबंध नसतो. तो पाण्यातला वाटा. ज्याच्या त्याच्या ठरलेल्या वेळी ज्याने त्याने मोटर लावायची आणि आपले रान भिजवायचे.

“त्यातले माझे धाकटे दीर लई भिडस्त,” अक्का म्हणाल्या. “देवमाणूस. पाळी आली की म्हणायचे, दादा, तुम्ही घ्या आधी, मी मागून घेतो. आज हे, उद्या ते. मग थोरल्याला वाटायचं पाळी माझी, मधल्याला वाटायचं माझी. कुणाची मोटर कवा चालू हुईल ह्याचा मेळच लागंना. एक दिवस दोघं थोरले विहिरीवर एकमेकांच्या अंगावर गेले. आन् हे बिचारे मधी हात जोडून उभे. म्हणले, मी तर कुणाचं काहीच घेतलं न्हाई.”

त्या थांबल्या आणि शेंगदाण्याची साले हातातून फुंकली.

“सासऱ्यांनी त्यांनाच धरलं. थोरल्यांना काही बोलले न्हाईत. म्हणले, भांडण तू लावलंस. तू तुझं पाणी येळेवर घेतलं असतं तर ह्यांना आपापलं कळलं असतं.” त्यांनी माझ्याकडे पाहिले. “तसं करायलाव तुम्ही, मॅडम. लेन चौघींची हाय. तुमचं चार आणे पाणी तुम्ही घेईना, म्हणून मागचीला कळंना तुम्ही चाललाव का थांबलाव.”

मला आयुष्यात अनेकांनी अनेक दोष सांगितले आहेत, पण माझ्या भिडस्तपणाला कोणी दोष म्हटले नव्हते. लोक त्याला चांगुलपणा म्हणत आणि मी ते खरे मानत आले होते. मी अर्जाचे नाव काढले नाही. शेंगदाणे संपवले.

“चला,” अक्का उठत म्हणाल्या. “आज मी तुमच्या पाया पडणार हाय.”

त्यांनी ते अक्षरशः केले. गुरुवारी आणि शुक्रवारी त्या माझ्या मागून पोहत राहिल्या आणि दर दहा-पंधरा हातांनंतर माझ्या टाचेला बोट लावत राहिल्या. मी थांबले की मागून आवाज येई, “मोटर.” पुन्हा स्पर्श, पुन्हा थांबणे, पुन्हा “मोटर.” एकदा तर मी वळून पाहिलेच.

“वयानं मोठी बाई तुमच्या पाया पडायलीय,” त्या म्हणाल्या. “आशीर्वाद नका देऊ. जावा पुढं.”

शुक्रवारी संध्याकाळपर्यंत मी दहापैकी सहा वेळा न थांबता गेले. उरलेल्या चार वेळांचा हिशेब मनात घेऊन मी घरी आले आणि नीट जेवले नाही.

शनिवारी कोच ताईंनी खरोखरच सहाव्या लेनच्या टोकाशी प्लास्टिकची खुर्ची टाकली. बँकेतल्या बाईंच्या भुवईवर अजून पट्टी होती. आमच्यात सर्वांत वेगवान त्या, म्हणून पहिल्या निघाल्या. मग अक्का, मग नर्स, शेवटी मी. प्रत्येकीने दहा अंक मोजून निघायचे होते. मी दहा मोजले आणि अकराव्याची वाट न पाहता भिंत सोडली.

पहिल्या काही फेऱ्या शांतपणे झाल्या. जाताना भिंत माझ्या डाव्या हाताला, येताना दोरी डाव्या हाताला. समोरून नर्स आली, तिच्या हातांनी उडालेले पाणी माझ्या गालावर आले, आणि मी दोरीला चिकटले नाही. सरळ जात राहिले तर दोघींना पुरेशी जागा आहे, हे मला तेव्हा प्रथमच समजले; आधी कधी तपासून पाहिले नव्हते. अक्का गेल्या तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलेही नाही, आणि त्या न पाहण्यात एक मोठा विश्वास होता.

आठव्या फेरीला टाचेला बोट लागले.

बँकेतल्या बाई मागून आल्या होत्या. माझे दोन्ही हात आपोआप छातीकडे वळले. पण मी छातीवर पोहते आणि त्या पोहण्यात प्रत्येक हाताला तळवे छातीशी जवळजवळ जुळतातच. जुळतात आणि पुढे सरतात. मी हातांना पुढे जाऊ दिले. नमस्कार झाला आणि मी थांबले नाही. अजून आठ-नऊ मीटर होते. माझ्या मागे एक वेगवान बाई माझ्यासाठी आपला वेग आवरून येत आहे, या जाणिवेने एरवी मला घाम फुटला असता. त्या दिवशी मला त्यांचे कौतुक वाटले. पट्टीखालची भुवई दुखत असणार, तरी त्यांनी पुन्हा बोट लावले नाही, घाई केली नाही.

भिंतीला हात लागताच मी कोपऱ्यात सरकले. त्या वळल्या, भिंतीला पाय देऊन निघून गेल्या. मी पाच मोजले होते इतक्यात अक्का टोकाला पोहोचल्या.

इथे माझी खरी परीक्षा होती. पाळी माझी होती, मी आधी आले होते. पण अक्का वयाने मोठ्या, माझ्याहून चांगल्या पोहणाऱ्या, आणि मला शिकवणाऱ्या. दारात, पंगतीत, बसच्या पायरीवर, कुठेही मी त्यांच्या पुढे गेले नसते. त्यांनी माझ्या शेजारच्या कोपऱ्यात भिंत धरली, धापा न टाकता उभ्या राहिल्या आणि पाण्याकडे पाहत राहिल्या. खुर्चीवरून कोच ताई पाहत होत्या. अक्का काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर मी त्यांच्या सांगण्यावरून गेले असते, आणि ते त्यांना नको होते असे मला आज वाटते.

मी दहा मोजून निघाले. माझ्यामागे अक्का भिंत धरून थांबल्या होत्या, मी दूर जाईपर्यंत.

अर्ध्या तासाने शिट्टी झाली. आम्ही चौघी शिडीने वर आलो. कोच ताईंनी खुर्ची उचलली. “सहावी लेन राहू द्या तुमच्याकडे,” त्या म्हणाल्या. “पण स्पर्धा होईपर्यंत दोन लहान मुली तुमच्यात घालते. त्यांना वाट द्यावी लागेल.”

“येऊ द्या की,” अक्का म्हणाल्या. “सहा जणी तर सहा जणी. पर त्यांना म्हणावं आधी अंग धुवून या.”

ताईंनी कार्यालयाशेजारचा लहान फळा घेतला आणि सोमवारपासूनची वाटणी खडूने लिहायला सुरुवात केली. लेन एक ते पाच झाल्यावर त्यांनी लिहिले, ‘लेन ६ : हळू पोहणाऱ्या महिला.’

अक्कांनी ते बोट फिरवत वाचले.

“हळू कशाला लिवलं?”

“अक्का, ओळखायला बरं पडतं.”

“आम्हाला ओळखतंय सगळं लातूर. नुसतं महिला लिवा.”

ताईंनी बँकेतल्या बाईंकडे पाहिले. त्या पट्टी चाचपत म्हणाल्या, “खरं आहे त्यांचं.” नर्सने मान हलवली. मग तिघींनी माझ्याकडे पाहिले. कार्यालयातल्या माणसाला मी कधी काही बदलायला सांगितले नव्हते. चुकलेल्या नावाचे ओळखपत्रही मी दोन वर्षे तसेच वापरले आहे.

“पुसून टाका,” मी म्हणाले.

ताईंनी ओल्या तळव्याने ‘हळू पोहणाऱ्या’ पुसले. फळ्यावर एक काळा ओला डाग राहिला आणि त्याच्यामागे ‘महिला’ हा शब्द थोडा दूर, एकटाच उभा दिसू लागला. तो डाग वाळेपर्यंत आम्ही चौघी टॉवेलने केस पुसत तिथेच उभ्या होतो.